रक्त परतल्यानंतरचे हृदय

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाच्या आप्तांच्या हाती तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक कागद पडतो. ध्वनिलहरींच्या साहाय्याने घेतलेल्या हृदयाच्या चित्राचा, म्हणजे इकोकार्डिओग्रामचा, निष्कर्ष त्यावर लिहिलेला असतो आणि त्यात एक आकडा असतो. तो कधी ४० टक्के, कधी ३५ टक्के, तर कधी त्याहूनही कमी असतो. आमच्या कार्यालयाच्या लेखा शाखेतील एका सहकाऱ्याच्या घरी असा कागद आला, तेव्हा वहिनींनी तो माझ्यापुढे धरून एकच प्रश्न विचारला : "भावोजी, ह्यांचे हृदय आता एवढेच उरले का हो?" शेजारी बसलेल्या एका नातलगाने शंभरापैकी पस्तीस म्हणजे काठावर पास, असा हिशेब परस्पर करूनही टाकला होता. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज, गावाकडच्या घराची दुरुस्ती, थोरल्या मुलीचे लग्न ह्या दिवाळीआधी उरकून घेणे, असे विषय त्या खोलीत हलक्या आवाजात निघू लागले होते. त्या आकड्याचा अर्थ तेथे कोणासही ठाऊक नव्हता. खरे सांगावयाचे तर मलाही नव्हता. तो समजून घेण्याच्या खटपटीतून जे हाती लागले ते येथे मांडले आहे.

प्रथम त्या आकड्याविषयी. हृदयाचे डावे निलय, म्हणजे डावीकडील खालचा कप्पा, पूर्ण भरला असता त्यात जेवढे रक्त असते, त्यापैकी किती भाग एका ठोक्यासरशी महारोहिणीत ढकलला जातो, त्याचे ते प्रमाण होय. वैद्यकीय व्यवहारात त्यास 'इजेक्शन फ्रॅक्शन' म्हणतात. आपण त्यास निष्कासनांश म्हणू. निलय कधीही पूर्णपणे रिकामे होत नाही. धडधाकट माणसाचा निष्कासनांशही साधारणपणे ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यानच असतो. तेव्हा ३५ हा आकडा परीक्षेतील गुणांप्रमाणे शंभराशी ताडून पाहावयाचा नसून साठाच्या आसपासच्या आकड्याशी ताडावयाचा असतो. तो चिंताजनक नाही असे मुळीच नाही. पण नातलगांनी लावलेला त्याचा अर्थ मात्र चुकीचा होता.

परंतु वहिनींच्या प्रश्नाचे खरे उत्तर ह्या अंकगणितात नाही. तो आकडा केव्हा घेतला गेला, यात ते आहे. झटका येऊन गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयाच्या भिंतीचा जो भाग हालत नाही, तो सगळाच मेलेला असतो असे नव्हे. त्यातील काही भाग मृत असतो, आणि काही भाग जिवंत असूनही काम करीनासा झालेला असतो. इकोच्या पडद्यावर दोन्ही भाग सारखेच निश्चल दिसतात. मृताचे जिवंत होत नाही. जिवंताचे मात्र पुन्हा काम सुरू होते, आणि त्यासाठी त्यास वेळ द्यावा लागतो. हा वेळ का लागतो, हा गेल्या पन्नास वर्षांतील हृदयविज्ञानाचा एक मोठा रंजक प्रश्न आहे.

हृदयाची स्वतःची सोय कशी आहे ते आधी पाहू. विश्रांतीच्या अवस्थेत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर, म्हणजे दिवसाकाठी सात हजार लिटरच्या घरात, रक्त पुढे ढकलते. एवढे रक्त त्याच्या कप्प्यांतून जात असले तरी त्याच्या जाड भिंतीला त्याचा थेट उपयोग जवळजवळ होतच नाही. कोषागारातील रोखपालाच्या हातून दिवसभर लाखो रुपये जातात, पण त्याचे घर चालते ते महिनाअखेरच्या पगारावर. तसाच हा प्रकार आहे. हृदयाचा पगार म्हणजे महारोहिणीच्या उगमापाशी फुटणाऱ्या दोन हृद्‌रोहिण्यांतून, ज्यांस आपण कॉरोनरी म्हणतो, मिळणारे रक्त. त्याचे प्रमाण एकंदर रक्ताच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे मिनिटाला पाव लिटरच्या आसपास असते. आणखी एक अडचण अशी की, डाव्या निलयाचा स्नायू आकुंचन पावत असताना स्वतःच्याच वाहिन्या दाबून टाकतो. त्यामुळे त्यास बहुतेक रक्त मिळते ते दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात.

ह्या मिळकतीतून हृदय बचत काहीच करीत नाही. शरीराचे इतर अवयव एकत्रितपणे पाहता रक्तातील प्राणवायूपैकी सुमारे चतुर्थांश काढून घेतात व बाकीचा परत पाठवितात. हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीतही सुमारे सत्तर टक्के प्राणवायू काढून घेतो. म्हणजे अडीअडचणीला अधिक काढून घेण्यास फारसे शिल्लकच राहत नाही. काम वाढले तर रक्तच अधिक आले पाहिजे. दुसरा मार्ग नाही. पेशींत साठविलेली तयार ऊर्जा, जिला शास्त्रज्ञ एटीपी म्हणतात, ती तर काही थोड्या ठोक्यांपुरतीच पुरेल इतकी असते. म्हणून एखाद्या हृद्‌रोहिणीत रक्ताची गुठळी अडकली की तिच्या हद्दीतील स्नायूची कोंडी काही सेकंदांतच होते. रक्त न मिळण्याच्या ह्या अवस्थेस अरक्तता म्हणतात.

ह्या कोंडीत स्नायू काय करतो? अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे टेनंट व विगर्स ह्यांनी १९३५ साली कुत्र्यांच्या हृदयावर हे प्रत्यक्ष पाहिले. रोहिणी बांधल्यानंतर मिनिटभराच्या आतच त्या भागाचे आकुंचन थांबले. इतकेच नव्हे, तर बाकीचे हृदय आकुंचन पावत असताना तो भाग उलट बाहेर फुगू लागला. ह्यात एक शहाणपण आहे. एटीपी संपण्याची वाट न पाहताच स्नायू आपले काम थांबवितो. प्राणवायूवाचून साखर जाळताना आम्ल साचते, फॉस्फेट साचते, आणि त्यांच्यामुळे आकुंचनाची यंत्रणा ढिली पडते. खर्चाची सर्वांत मोठी बाब आकुंचन हीच असल्याने ती बंद झाली की उरलेल्या तुटपुंज्या ऊर्जेवर पेशी आणखी काही काळ तग धरते. अवर्षणात शेतकरी आधी बागायत सोडून देतो व उरलेले पाणी पिण्यापुरते राखतो, त्यातलाच हा प्रकार.

तग किती काळ धरता येतो, हा पुढचा प्रश्न. त्याचा छडा अमेरिकेतील रोगविकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट जेनिंग्ज ह्यांनी लावला. १९६० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, कुत्र्याच्या हृदयात साधारण वीस मिनिटांच्या आत रक्त पुन्हा सुरू केले तर पेशी वाचतात. त्याहून अधिक वेळ गेला की त्या मरू लागतात. पुढे १९७७ मध्ये रायमर व जेनिंग्ज ह्यांनी ह्याच कामाचा जो विस्तार प्रसिद्ध केला, तो आजच्या हृदयचिकित्सेचा पाया आहे असे म्हणावयास हरकत नाही. स्नायू एकदम मरत नाही, तर मृत्यूची लाट भिंतीच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकत जाते, हे त्यांनी मोजून दाखविले. त्यांच्या प्रयोगात ४० मिनिटांच्या कोंडीनंतर धोक्यात आलेल्या भागापैकी सरासरी ३८ टक्के भाग मृत झाला होता. तीन तासांनंतर तो ५७ टक्के होता, सहा तासांनंतर ७१ टक्के आणि चोवीस तासांनंतर ८५ टक्के. आतला थर प्रथम मरतो, कारण निलयातील दाब त्याच्यावर सर्वाधिक असतो आणि बाहेरून येणारे रक्त त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते.

हे आकडे कुत्र्यांचे आहेत, माणसांचे नव्हेत. माणसामाणसांत शेजारच्या रोहिणीकडून येणाऱ्या आडवाटांचे रक्त कमीअधिक असते, त्यामुळे एकाचा स्नायू लवकर जातो, दुसऱ्याचा उशिरा. पण लाट सरकण्याचा प्रकार तोच. आणि ह्या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहिले असता असे दिसते की, तीन तासांनंतरही चाळीस टक्क्यांहून अधिक भाग मेलेला नसतो. त्याचे पुढे काय होते?

बराच काळ समजूत अशी होती की, जे मेले ते मेले आणि जे वाचले ते रक्त मिळताच कामाला लागते. दिव्याचे बटण दाबले की दिवा लागावा, तसे. ही समजूत १९७५ साली डळमळीत झाली. बेल्जियमचे हाइन्ड्रिक्स हे हार्वर्डमध्ये व्हॅटनर ह्यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांनी कुत्र्यांच्या हृदयावर आधीच मोजमापाची उपकरणे बसविली होती व जनावर शुद्धीवर असतानाच हृद्‌रोहिणी थोडा वेळ बंद करून पुन्हा उघडली. केवळ पाच मिनिटांच्या कोंडीनंतर रक्तप्रवाह पूर्ववत झाला, विद्युत्‌आलेखही सुधारला. पण त्या भागाचे आकुंचन पूर्वपदावर यावयास तीन तासांहून अधिक काळ लागला. पंधरा मिनिटांच्या कोंडीनंतर सहा तास उलटले तरी ते मंदच होते. दुसऱ्या दिवशी मात्र ते सुधारले. पेशी मेलेल्या नव्हत्या, रक्त कमी पडत नव्हते. तरीही स्नायू काम करीत नव्हता.

ह्या निरीक्षणाचे महत्त्व लगेच कोणाच्या ध्यानात आले असे दिसत नाही. १९८२ साली बॉस्टनचे ब्राउनवाल्ड व क्लोनर ह्यांनी ह्या अवस्थेस 'स्टन्ड मायोकार्डियम' असे नाव दिले आणि मग तिच्याकडे सर्वांचे लक्ष वेधले. डोक्यावर आघात झालेला माणूस जसा जिवंत व शाबूत असूनही काही काळ भोवंडून जातो, त्या अर्थाने हे नाव. मराठीत त्यास सुन्न पडलेला स्नायू म्हणावे असे मला वाटते. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय सुन्न पडतो, त्याची येथे आठवण होईल. पण तेथे मुख्यतः मज्जातंतू दबलेला असतो, येथे खुद्द स्नायूचीच यंत्रणा बिघडलेली असते. साम्य एवढेच की, दोन्ही ठिकाणी अवयव शाबूत असतो आणि उठता क्षणी चालता येत नाही.

यंत्रणा बिघडते ती कशी? पहिला संशय साहजिकच ऊर्जेवर गेला. कोंडीत संपलेले एटीपी पूर्ण भरून यावयास कित्येक दिवस लागतात, हे जेनिंग्ज ह्यांच्याच गटाने दाखविले होते. तेव्हा इंधनाच्या तुटवड्यामुळेच स्नायू मंद राहत असावा असे वाटले. परंतु सुन्न स्नायूला ॲड्रेनॅलिनच्या जातीचे औषध दिले असता तो तात्काळ जोमाने आकुंचन पावू लागतो. इंधन नसते तर हे शक्य झाले नसते. म्हणजे कोठारात धान्य आहे, चूलही पेटते आहे, पण स्वयंपाक होत नाही.

दोष शोधता शोधता तो रक्त परत येण्याच्या क्षणापाशी सापडला. ज्या रक्तामुळे स्नायू वाचतो, तेच रक्त येताना काही नासधूस करते. प्राणवायू एकाएकी परत आला की पेशींत 'मुक्त मूलके' नावाचे अत्यंत उतावळे रेणू तयार होतात आणि ते हाती लागेल त्या प्रथिनाला इजा करतात. त्याच वेळी साचलेले आम्ल बाहेर टाकण्याच्या गडबडीत पेशी सोडियम आत घेते, व तो सोडियम बाहेर काढताना कॅल्शियम आत शिरते. कॅल्शियम हा हृदयाच्या आकुंचनाचा संदेशवाहक आहे. प्रत्येक ठोक्याला तो मोजून-मापून सोडला जातो आणि परत गोळा केला जातो. त्याचा असा लोंढा आला म्हणजे आकुंचन करणारे तंतू व त्यांवरील नियंत्रक प्रथिने बिघडतात. मग पुढे कॅल्शियम नेहमीइतका मिळाला तरी ते तंतू त्यास पुरता प्रतिसाद देत नाहीत. हाक ऐकू येते, पण उठवत नाही. बिघडलेली प्रथिने काढून त्यांच्या जागी पेशीने नवी बसविली म्हणजे काम सुरळीत होते. आणि हे दुरुस्तीचे काम तासांचे व दिवसांचे असते. मुक्त मूलके आणि कॅल्शियम ह्यांपैकी मुख्य अपराधी कोण, ह्यावर बराच वाद झाला. आज बहुतेक संशोधक ह्या दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या दोन बाजू मानतात.

नासधूस सुन्नपणावरच थांबते असेही नाही. क्लोनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखविले की, कुत्र्यातील दीड तासाच्या कोंडीनंतर मोठी रोहिणी मोकळी केली तरी आतल्या सूक्ष्म केशवाहिन्यांतून काही ठिकाणी रक्त शिरतच नाही, कारण त्या वाहिन्यांच्या भिंतीच सुजून फाटलेल्या असतात. पाट दुरुस्त झाला, पण वाफ्यापर्यंतच्या सारण्या ढासळलेल्या. चाळीस मिनिटांच्या कोंडीनंतर मात्र हे घडले नव्हते.

सुन्नपणाहून वेगळी अशी दुसरीही एक अवस्था आहे व तिचे नाव ज्यांच्याशी जोडले गेले ते डॉ. शाहबुद्दीन रहिमतुल्ला मूळचे मुंबईत जन्मलेले होते. पुढे अमेरिकेत काम करीत असताना १९८० च्या दशकात, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या मोठ्या चाचण्यांचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात आले की, वर्षानुवर्षे मंद असलेल्या काही हृदयांचे काम शस्त्रक्रियेनंतर सुधारते. त्यांनी असे मांडले की, रोहिणी अरुंद होऊन रक्त दीर्घकाळ कमी मिळू लागले म्हणजे स्नायू अंथरूण पाहून पाय पसरतो; मिळकत घटली तसे तो आपले काम घटवितो आणि त्या घटलेल्या कामावर जिवंत राहतो. हिवाळ्यात गुहेत पडून राहणाऱ्या अस्वलाच्या शीतनिद्रेची उपमा ह्या अवस्थेस दिली गेली. पुढे १९९० च्या दशकात काही संशोधकांनी मोजून पाहिले, तेव्हा अशा स्नायूला विश्रांतीत मिळणारे रक्त पुष्कळदा फारसे कमी नसते असे आढळले. दररोज जिना चढताना, घाईने चालताना पुनःपुन्हा होणाऱ्या लहान कोंड्यांचा सुन्नपणा साचत जाऊन ही निद्रा येत असावी, असे त्यांचे मत पडले. दोन्ही मतांत तथ्य असावे. निद्रिस्त स्नायूच्या पेशींतील आकुंचनतंतूच विरळ झालेले असतात. म्हणून सुन्न स्नायू तासांत वा दिवसांत जागा होतो, तर निद्रिस्त स्नायूला रक्त मिळू लागल्यावरही आठवडे, महिने, क्वचित वर्षही लागते.

मेलेला कोणता आणि निजलेला कोणता, हे ओळखण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. डोब्युटामिन हे औषध अल्प मात्रेत शिरेवाटे देत इको केला असता जिवंत स्नायू हालचाल करून आपले अस्तित्व दाखवितो. किरणोत्सर्गी साखर टोचून घेतलेल्या पेट चित्रात तो साखर ओढून घेताना दिसतो. गॅडोलिनियम देऊन काढलेल्या एम.आर.आय. चित्रात मृत भाग पांढरा उजळतो व भिंतीच्या किती जाडीपर्यंत मृत्यू पोहोचला आहे, हे मिलिमीटरांत मोजता येते. मात्र जिवंत स्नायू सापडला की त्याची रोहिणी उघडावी आणि रुग्ण अधिक जगावा, इतका हिशेब सरळ नाही. ब्रिटनमधील 'रिव्हाइव्हड' नावाच्या चाचणीत निष्कासनांश ३५ किंवा त्याहून कमी असलेल्या ७०० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्यात जिवंत पण मंद स्नायू असल्याचे आधी पाहून मगच त्यांची निवड झाली होती. २०२२ साली तिचा निष्कर्ष आला तो असा की, फुग्याने रोहिण्या उघडल्याने केवळ औषधांवर ठेवलेल्या रुग्णांपेक्षा मृत्यू किंवा हृदय-दौर्बल्यासाठी रुग्णालयात दाखल होणे कमी झाले नाही. उलट बायपास शस्त्रक्रियेच्या 'स्टिच' ह्या चाचणीत दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर शस्त्रक्रिया झालेले अधिक जगले, असे २०१६ साली दिसले. ही दोन फळे एकत्र कशी वाचावीत, ह्यावर तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

सुन्नपणा केवळ झटक्यातच येतो असे नाही. हृदयावरील शस्त्रक्रियेत शल्यविशारद पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय मुद्दाम थांबवितात. ते पुन्हा सुरू केल्यावर चार ते सहा तासांनी त्याचे काम सर्वांत मंद होते आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सुधारते. पहिल्या रात्री अतिदक्षता विभागात औषधांचे जे ठिबक चालू असते, ते पुष्कळदा ह्याच खिंडीतून रुग्णास पार नेण्यासाठी. हृदय बंद पडून छातीवर दाब देऊन पुन्हा सुरू केलेल्या रुग्णातही असेच दोन-तीन दिवसांचे दौर्बल्य आढळते. जपानी वैद्यांनी १९९० साली नाव दिलेला 'ताकोत्सुबो' विकार तर आणखी विलक्षण. जिवलगाच्या मृत्यूसारखा धक्का बसून, विशेषतः उतारवयातील स्त्रियांत, हृदयाचे टोक सुन्न होऊन फुगते. रोहिणीत गुठळी नसते, आणि काही आठवड्यांत ते बहुधा पूर्ववत होते. ताकोत्सुबो म्हणजे जपानी कोळ्यांचे अष्टपाद धरण्याचे अरुंद गळ्याचे मडके. फुगलेले निलय चित्रात तसे दिसते. छाती फुटली, काळजाला घरे पडली असे आपण सहज बोलून जातो. त्या बोलण्याला चित्रात दिसणारा आकार मिळावा, ह्याचे कला शाखेच्या माणसाला नवल वाटल्यावाचून राहत नाही.

एक आश्चर्य आणखी. १९८६ साली मरी, जेनिंग्ज व रायमर ह्यांनी कुत्र्याची हृद्‌रोहिणी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद करून उघडली व त्यानंतर चाळीस मिनिटे बंद ठेवली. स्नायूची हानी वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात ती सरळ चाळीस मिनिटे बंद ठेवलेल्यांच्या चौथ्या हिश्श्यावर आली. लहान कोंड्यांनी स्नायूला मोठ्या कोंडीसाठी तयार केले होते. ह्या शोधाने मोठ्या आशा निर्माण केल्या. रुग्णाच्या दंडाचा रक्तप्रवाह पट्ट्याने थांबवून-सोडून हृदयाचे असे रक्षण करता येईल का, हे युरोपात ५,००० हून अधिक रुग्णांवर पाहण्यात आले. २०१९ साली निष्पन्न झाले की, त्याचा लाभ होत नाही. प्राण्यात साधलेले माणसात साधतेच असे नाही, हा अनुभव ह्या क्षेत्राने पुनःपुन्हा घेतला आहे.

जे माणसात निश्चित साधले आहे, ते लवकर रक्त सुरू करणे हेच. इटलीतील 'जिस्सी' चाचणीत ११,००० हून अधिक रुग्णांचा समावेश होता. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज दिल्याने २१ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १३ वरून १०.७ टक्क्यांवर आले, असे १९८६ साली प्रसिद्ध झाले. ही सरासरी झाली. दुखणे सुरू झाल्यापासून तासाभरात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते. रायमर व जेनिंग्ज ह्यांच्या लाटेचेच हे मानवी प्रत्यंतर. आज फुग्याने रोहिणी उघडण्याची सोय जेथे दोन तासांच्या आत मिळू शकते तेथे ती पसंत केली जाते. नसेल तेथे गुठळी विरघळविणारे इंजेक्शन आधी देतात. आपल्याकडे वेळ जातो तो बहुधा रुग्णालयात नव्हे, घरात. पित्त झाले म्हणून सोडा घेणे, ओवा चावणे, डॉक्टरांच्या फोनची वाट पाहणे, मुलगा कामावरून येईपर्यंत थांबणे, आणि सर्वांत घातक म्हणजे स्वतः स्कूटर चालवीत दवाखाना गाठणे. छातीच्या मध्यभागी दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम ही लक्षणे बहुतेकांना माहीत असतात. मधुमेही माणसांत व स्त्रियांत मात्र नुसती धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असू शकते. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगण ह्या सर्व राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हा एकच क्रमांक आहे. तेव्हा पणजी, बेळगाव, बडोदे, इंदूर वा हैदराबाद, कोठेही असलेल्या वाचकाने तो वेगळा शोधावयास नको.

आता वहिनींच्या कागदाकडे पुन्हा वळू. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांतील निष्कासनांशात मृत स्नायूचा वाटा किती व सुन्न स्नायूचा किती हे कळत नाही, म्हणूनच हृदयाच्या घातक लयबिघाडावर विजेचा झटका देणारे यंत्र छातीत बसवावयाचे की नाही, हा निर्णय वैद्य ह्या पहिल्या आकड्यावर घेत नाहीत. सर्वसाधारण नियम असा की, झटक्यानंतर किमान ४० दिवस आणि रोहिणी उघडली असल्यास साधारण तीन महिने थांबून पुन्हा इको करावा. ह्या मधल्या काळात औषधे नियमित घ्यावयाची असतात. हृदयाचे ठोके सौम्य करणारी, निलयाचे फुगणे रोखणारी आणि गुठळी होऊ न देणारी अशी ती असतात. बरे वाटू लागले म्हणून ती परस्पर बंद करणाऱ्यांची संख्या थोडी नाही. तंबाखू तर पहिल्या दिवसापासून वर्ज्य. वैद्याच्या सल्ल्याने रोजचे चालणे हळूहळू वाढवावयाचे असते; सुन्न स्नायूला अंथरुणात पडून राहण्याने जाग येत नाही.

मृत भागाचे काय, असा प्रश्न उरतो. त्या जागी काही आठवड्यांत व्रण तयार होतो, जो आकुंचन पावत नाही. हृदयाचा स्नायू नव्या पेशी घडवीतच नाही, असे पूर्वी मानले जाई. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००९ साली ह्याचा मोठ्या कल्पकतेने निर्णय लावला. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुस्फोट-चाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला किरणोत्सर्गी कार्बन माणसांच्या पेशींत कितपत उतरला आहे ते मोजून त्यांनी पेशींचे वय काढले. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का आणि पंच्याहत्तरीत सुमारे अर्धा टक्का हृत्पेशी नव्या होतात, असे त्यांना आढळले. ही गती शून्य नाही, पण झटक्याचे नुकसान भरून काढण्यास ती अगदीच अपुरी आहे. म्हणून वैद्यकाची सारी धडपड स्नायू मरू न देण्याकडे आणि सुन्न पडलेल्याला सावरण्यास अवधी देण्याकडे आहे.

आमच्या सहकाऱ्याचा दुसरा इको साडेतीन महिन्यांनी झाला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तोवर टंकलिखित होऊन त्यांच्या खणात पडून होता. वहिनींनी तो देऊ दिला नव्हता. ह्या खेपेस आकडा ४८ आला. टोकाकडील भिंतीचा काही भाग हालत नाही असे त्यात नमूद आहे आणि तो पुढेही हालणार नाही, असे त्यांच्या वैद्यांनी स्पष्ट सांगितले आहे. पण त्याच्या कडेचा, पहिल्या कागदात निश्चल लिहिलेला भाग आता हालतो आहे. ते कार्यालयात परत आले आहेत. वार्षिक लेख्यांचे काम त्यांनी अंगावर घेतले आहे, जिन्याऐवजी उद्वाहनाने येतात आणि दुपारी जेवणानंतर वीस मिनिटे आवारात चालतात.